आजीचं मत कुणी बदललं?

समलिंगी विवाहाबद्दलचं लोकमत पाव शतकात इतकं कसं पालटलं, असं विचारलं की एक उत्तर तयार असतं: जुनी माणसं गेली, नवी आली. हे उत्तर दोन्ही बाजूंच्या सोयीचं आहे. ज्यांना बदल हवा ते ‘काळ आपल्याच बाजूचा आहे’ म्हणत स्वस्थ बसतात, आणि ज्यांना नको ते ‘आजकालची पोरं बिघडली’ म्हणून मोकळे होतात. आकडे पुढ्यात घेतले की मात्र हे उत्तर फार तर एक तृतीयांश खरं निघतं. उरलेला बदल घडवणारी माणसं मेलेली नव्हती आणि त्यातली बरीचशी तरुणही नव्हती.

अमेरिकेतली गॅलप ही संस्था १९९६ पासून विचारत आली आहे, की समलिंगी जोडप्यांच्या लग्नाला इतर लग्नांइतकेच हक्क देऊन कायद्याने मान्यता द्यावी का. पहिल्या खेपेला होकार होता २७ टक्के. २०१३ मध्ये तो ५३ टक्क्यांवर गेला होता. या दोन वर्षांचे वयोगटांनुसार आकडे शेजारी शेजारी मांडले तर असं दिसतं: १८ ते २९ वयाचे ४१ वरून ७०, ३० ते ४९ चे ३० वरून ५३, ५० ते ६४ चे १५ वरून ४६, आणि पासष्टीपुढचे १४ वरून ४१.

बहुतेक जण हा तक्ता उभा वाचतात. तरुण वर, म्हातारे खाली, संपलं. तो तिरपा वाचायला हवा. १९९६ साली ५० ते ६४ वयाची जी माणसं होती, ती २०१३ मध्ये ६७ ते ८१ ची झाली. म्हणजे त्यांचा पहिला आकडा १५, आणि सतरा वर्षांनंतरचा आकडा शोधायचा तो पासष्टीपुढच्या रांगेत: ४१. गट तंतोतंत जुळत नाहीत, पण ढोबळमानाने ही तीच माणसं आहेत. याच लोकांनी निवृत्ती घेतली, नातवंडं पाहिली, गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया करून घेतल्या, आणि त्या काळात त्यांच्यातला होकार जवळजवळ तिप्पट झाला.

आता उलटा हिशेब करू. समजा, सतरा वर्षांत कुणीच मत बदललं नाही, फक्त माणसं बदलली. दरवर्षी मतदारांतले दोन टक्के जातात आणि तेवढेच नवे येतात असं सढळ हाताने धरलं, तरी सतरा वर्षांत बदलतात ३४ टक्के. जाणाऱ्यांचा होकार १४, येणाऱ्यांचा ४१, फरक २७. या २७ चे ३४ टक्के म्हणजे सुमारे ९. प्रत्यक्ष वाढ आहे २६ अंकांची. उरलेले सतरा अंक स्मशानातून आलेले नाहीत.

इथे एक अडचण सांगितलीच पाहिजे, कारण ती टाळून लिहिलेले लेख फार आहेत. वय, जन्मसाल आणि सर्वेक्षणाचं साल या तिन्हींतली दोन कळली की तिसरं आपोआप ठरतं. त्यामुळे ‘हे वयामुळे’, ‘हे पिढीमुळे’ आणि ‘हे काळामुळे’ असे तीन वाटे निव्वळ गणिताने पाडता येत नाहीत. कुठलं तरी गृहीतक बाहेरून घालावंच लागतं. मात्र या विषयात नशीब आपल्या बाजूने आहे. वय वाढलं की माणूस सनातनी होतो हे गृहीतक धरलं, तर तिरप्या ओळीतले आकडे उतरायला हवे होते. ते चढलेत. म्हणजे वयाने मागे ओढलं असेल, तर काळाने त्याहून जोरात पुढे ढकललं.

मग या माणसांचं काय झालं? याचं जवळून दर्शन घ्यायचं तर आयर्लंडला जावं लागतं.

आयर्लंडमध्ये १९९३ पर्यंत पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा होते. घटस्फोटावरची घटनात्मक बंदी १९९५ च्या सार्वमतात उठली ती ५०.२८ टक्क्यांनी, म्हणजे सगळ्या देशात मिळून नऊ हजारांच्या आसपास मतांनी. त्याच देशाने वीस वर्षांनी, २२ मे २०१५ रोजी, समलिंगी विवाहाला ६२.०७ टक्के होकार दिला. जगात हा निर्णय राष्ट्रीय सार्वमताने घेणारा तो पहिला देश. मतदान ६० टक्क्यांच्या वर झालं. ४३ मतदारसंघांपैकी फक्त एकाने, रॉसकॉमन-साउथ लीट्रिमने, नकार दिला, तोही थोडक्यात.

हा कौल एका झटक्यात आला नाही. २०१२ साली एक घटना-परिषद नेमली गेली. तिच्यात एक अध्यक्ष, ३३ राजकारणी आणि ६६ साधे नागरिक होते. नागरिकांची निवड मतदारयादीतून, वय-लिंग-प्रदेशाचा तोल सांभाळून केलेली. हे लोक शनिवार-रविवारी एकत्र जमत, दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांना ऐकत, गोल टेबलांशी बसून बोलत आणि मग मत देत. एप्रिल २०१३ मध्ये त्यांच्यातल्या ७९ टक्क्यांनी समलिंगी विवाहाच्या बाजूने कौल दिला. सरकारला सार्वमत घ्यायचा धीर आला तो यातून.

प्रचारातली सगळ्यात हुशार गोष्ट मला वाटते ती डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या विद्यार्थ्यांची. त्यांनी मोहीम काढली: आजीला फोन लाव. आजी-आजोबांना फोन करायचा, या विषयावर बोलायचं आणि होकाराचं मत मागायचं. यामागे भाबडेपणा नव्हता, गणित होतं. पासष्टीपुढची माणसं बहुतेक पाश्चात्त्य देशांत नेमाने मतदान करतात. त्यांच्यातच विरोध जास्त. तरुणाला समजवायला गेलात तर तो आधीच आपल्या बाजूचा असतो. फक्त तो मतदानाला जाईल याची खात्री नसते. आजीचं एक मत नकाराकडून होकाराकडे आणलं तर फरक दोन मतांचा पडतो, एक तिकडचं वजा आणि एक इकडे अधिक. घरी बसलेल्या नातवाला केंद्रापर्यंत नेलं तर फरक एका मताचाच.

जवळपास पन्नास वर्षं संसार केलेलं एक कॅथलिक जोडपं व्हिडिओतून बोललं. माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकलीस, स्वतः श्रद्धाळू कॅथलिक आणि एका समलिंगी मुलाची आई, उघडपणे होकाराच्या बाजूने उभ्या राहिल्या. दाढी-टॅटूवाली पोरं फलकांवर झळकवण्याऐवजी आई-बाप, आजी-आजोबा, शेतकरी, खेळाडू पुढे आणायचे, हे धोरणच होतं. हक्कांची भाषा कमी, घरातल्या माणसाची जास्त.

इथे आपल्या कोकणाचा धागा येतो. १८ जानेवारी २०१५ रोजी, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, आयर्लंडचे तेव्हाचे आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांनी रेडिओवरच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. जून २०१७ मध्ये लिओ पंतप्रधान झाले तेव्हा आपल्याकडे बातम्यांना उधाण आलं, आणि डिसेंबर २०१९ मध्ये ते कुटुंबासह वराडला आले तेव्हा गावाने त्यांचं दणक्यात स्वागत केलं. आपला माणूस मोठा झाला की बाकी चौकशा आपण किती सहज बाजूला ठेवतो, हे त्या निमित्ताने दिसलं. ठेवतो हे चांगलंच. आयर्लंडमध्येही गावोगाव हेच चाललं होतं, फक्त तिथे पंतप्रधानाऐवजी शेजारणीचा मुलगा होता.

मतदारयादीचा भागही रोचक आहे. यादीत नाव नसलेल्याला पुरवणी यादीचा अर्ज भरून पोलिस ठाण्यात जावं लागे, पोलिसासमोर सही करावी लागे आणि मुदतीच्या आत तो स्थानिक कार्यालयात पोचवावा लागे. एवढा खटाटोप करून ६० हजारांवर नावं वाढली. देशाबाहेर गेलेल्यांना टपाली मतदान नव्हतं. परतण्याच्या इराद्याने गेलेला असेल तर अठरा महिन्यांपर्यंत मताचा हक्क राहतो, पण मत द्यायला प्रत्यक्ष यावंच लागतं. म्हणून मतदानाच्या आदल्या दिवशी ब्रिटनहून येणाऱ्या बोटी आणि विमानं तरुणांनी भरून आली. या दृश्यांमुळेच ‘तरुणांनी जिंकून दिलं’ ही कथा जगभर पसरली.

तरुणांनी जोर लावला यात शंका नाही. पण त्याच दिवशी, त्याच केंद्रांवर, दुसरंही एक सार्वमत होतं: राष्ट्राध्यक्ष होण्याची किमान वयोमर्यादा ३५ वरून २१ वर आणावी का? तो प्रस्ताव ७३ टक्क्यांनी आपटला. मतदान निव्वळ ‘तरुण विरुद्ध म्हातारे’ असतं तर असं झालं नसतं.

मतमोजणीतही हेच दिसलं. आयरिश मोजणीची एक जुनी रीत आहे. सकाळी नऊला पेट्या उघडतात, कर्मचारी मतपत्रिका उलगडू लागतात, आणि कठड्यापलीकडे कार्यकर्ते पेन्सिल-कागद घेऊन ओणवे उभे असतात. कुठल्या पेटीचा क्रमांक कुठल्या शाळेचा, कुठल्या वस्तीचा, ते त्यांना पाठ. पत्रिका उलगडताना खूण दिसली की रेघ मारायची. अधिकृत निकालाच्या कितीतरी आधी, वस्तीनिहाय चित्र तयार. त्या सकाळी तासाभरातच कळून चुकलं की होकार जिंकला आहे. डब्लिनच्या कष्टकरी वस्त्यांमधल्या पेट्या, ज्यांच्याबद्दल शहाण्यासुरत्यांना खात्री नव्हती, जोरदार होकाराने भरल्या होत्या. मत गुप्त असतं, त्यामुळे पेटीवरून वय कळत नाही. कुणी ‘पेट्यांवरून’ पिढ्यांचे आकडे सांगू लागला तर हात जोडावेत.

जनमत चाचण्यांनी मात्र होकार सत्तरीच्या घरात दाखवला होता, निकाल बासष्टचा लागला. याची कारणं नेहमीचीच. ‘अजून ठरलं नाही’ म्हणणारे वगळून टक्केवारी काढली की होकार फुगतो, आणि न ठरवलेले लोक शेवटी ‘आहे ते बरं आहे’ म्हणत नकाराकडे झुकतात. शिवाय जे मत समाजात मागासलेलं मानलं जाऊ लागतं, ते माणूस प्रश्नकर्त्याला सांगायला बिचकतो. मत बदलण्याच्या आधी मत सांगायची लाज बदलते. दोन्ही गोष्टी सर्वेक्षणात सारख्याच दिसतात, आणि म्हणूनच चढता आलेख पाहून हुरळून जायचं नसतं.

अमेरिकेतल्या मेन राज्याची गोष्ट याच संदर्भात महत्त्वाची. २००९ मध्ये तिथल्या मतदारांनी समलिंगी विवाहाचा कायदा सुमारे ५३ विरुद्ध ४७ असा हाणून पाडला. २०१२ मध्ये त्याच राज्याने ५१.५ टक्क्यांनी तो मंजूर केला. मधल्या तीन वर्षांत किती माणसं दगावली असतील? पाच-सहा टक्के मतदार बदलले असं धरलं तरी त्यातून एखाद-दोन अंक निघतात. बाकीचे अंक दारोदारी जाऊन, एकेकाशी बोलून आणलेले आहेत.

ही दारावरची बोलणी कशी असतात, तेही पाहण्याजोगं आहे. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मतदारांनी समलिंगी विवाह नाकारला. त्या पराभवानंतर लॉस एंजेलिसमधल्या समलिंगी समाजाच्या एका केंद्राने आपल्या विरोधात मत देणाऱ्या वस्त्यांतच माणसं पाठवली. पद्धत हळूहळू घडत गेली. आधी विचारायचं, शून्य ते दहामध्ये तुम्ही कुठे? सात सांगोत की दोन, चेहरा बदलायचा नाही. मग विचारायचं, हाच आकडा का? आणि गप्प बसायचं. बहुतेक नवखे इथेच चुकतात. त्यांना मुद्दे खोडायची घाई होते, आणि मुद्दा खोडला की दार बंद होतं. त्यानंतर समोरच्याच्या आयुष्यातला प्रसंग काढायचा: लोकांनी तुम्हाला वेगळं पाडलं, असं कधी झालंय? लग्न तुमच्यासाठी काय आहे? स्वतःचाही एखादा अनुभव सांगायचा, थोडक्यात. शेवटी पुन्हा आकडा विचारायचा. हे सारं दहा ते वीस मिनिटांत. पत्रक वाटून पुढे जाणाऱ्याला एका संध्याकाळी जितकी दारं होतात, त्याच्या निम्मीही यात होत नाहीत.

याचा परिणाम खरंच टिकतो का? डिसेंबर २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला, की समलिंगी कार्यकर्त्याशी वीसेक मिनिटं बोलल्यावर विवाहाबद्दलचं मत बदलतं आणि कित्येक महिने तसंच राहतं. सगळीकडे वाहवा झाली. मग दोन तरुण संशोधक तोच प्रयोग करायला गेले, तर त्यांना लोकांचा इतका प्रतिसाद मिळेचना. खोदून पाहिलं तेव्हा कळलं, की ज्या कंपनीने सर्वेक्षण केलं म्हणून सांगितलं होतं तिला त्याचा पत्ताच नव्हता. आकडे एका जुन्या राष्ट्रीय सर्वेक्षणातून उचललेले, आणि तीच माणसं पुन्हा पुन्हा देत असलेली उत्तरं अशक्य वाटावीत इतकी एकसारखी. मे २०१५ च्या अखेरीस, आयर्लंडच्या मतदानानंतर आठवड्याभरात, निबंध मागे घेतला गेला.

गंमत अशी, की लबाडी उघडी पाडणाऱ्या त्याच दोघांनी पुढे मायामीत खरा प्रयोग केला. विषय होता पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींबद्दलचा पूर्वग्रह. ५६ कार्यकर्ते, ५०१ मतदार, सुमारे दहा मिनिटांचं बोलणं. तुलनेच्या गटाशी बोलणं झालं ते कचऱ्याच्या पुनर्वापराबद्दल, म्हणजे दार उघडून कुणाशी तरी बोलल्याचा परिणाम वेगळा काढता यावा. २०१६ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की पूर्वग्रह कमी होतो आणि निदान तीन महिने कमी राहतो. कार्यकर्ता स्वतः पारलिंगी नसला तरीही. खोट्या निबंधाने नेमका याच्या उलट दावा केला होता.

मन बदलतं हे एकदा मान्य केलं की एक कडू गोष्टही मान्य करावी लागते: ते परतही बदलतं. पिढीवाल्या स्पष्टीकरणात परतीचा रस्ता नाही. मेलेली माणसं उठून येत नाहीत. पण गॅलपच्या आकड्यांत अमेरिकेतला एकूण होकार २०२२ आणि २०२३ मध्ये ७१ टक्के होता, तो २०२५ मध्ये ६८ वर आला. त्यातही रिपब्लिकन समर्थकांचा होकार ५५ वरून ४१ वर घसरला. तीन-चार वर्षांत चौदा अंक. हे जन्ममृत्यूचं काम नव्हे. पक्षाचा सूर बदलला की अनुयायांचं मतही मागोमाग जातं. ज्याचं मत मुलाशी, भाचीशी बोलून बदललेलं असतं त्याचं सहसा टिकतं. ज्याचं वाऱ्याबरोबर आलं ते वाऱ्याबरोबर जातं, असा माझा कयास आहे.

आयर्लंडनेही ८ मार्च २०२४ रोजी हिसका दाखवला. २०१५ मध्ये बदललेल्या घटनेच्या त्याच ४१ व्या कलमात ‘विवाहावर आधारलेलं कुटुंब’ याच्या जोडीला इतर टिकाऊ नाती घालायचा प्रस्ताव ६७.७ टक्क्यांनी फेटाळला गेला. पंतप्रधान पुन्हा वराडकरच होते. मतदान ४४ टक्क्यांच्या आसपास. टिकाऊ नातं म्हणजे नक्की कुठलं, हे कुणाला नीट सांगता आलं नाही, आणि २०१५ सारखं दारोदार फिरणंही या वेळी झालं नाही.

आता भारत. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि चेंडू संसदेकडे टोलवला. त्याआधी केंद्र सरकारने म्हटलं होतं की ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे. संसदेत खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्येच विशेष विवाह कायदा बदलण्यासाठी खासगी विधेयक मांडलं होतं. अशा विधेयकांचं जे होतं तेच त्याचंही झालं. प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ च्या पाहणीत भारतातला होकार ५३ टक्के आला आणि अनेकांच्या भुवया उंचावल्या. त्याच्या सात वर्षं आधी लोकनीती-सीएसडीएस या संशोधन संस्थेने १५ ते ३४ वयाच्या तरुणांना समलिंगी प्रेमाबद्दल विचारलं होतं, तेव्हा चौघांतल्या साधारण एकानेच पसंती दिली होती. प्रश्न वेगळा, वयोगट वेगळा, पद्धत वेगळी. त्यामुळे हे दोन आकडे जोडून रेघ मारता येत नाही. पण तरुण म्हणजे आपोआप उदार, हे तरी त्यातून नक्कीच सिद्ध होत नाही.

आपल्याकडे हे मोजण्यातली खरी गोम घरात आहे. प्रश्नावली घेऊन आलेल्याला यादीतून निवडलेल्या एका माणसाशी, एकट्याशी, बोलायचं असतं. प्रत्यक्षात ओटीवर चार जण जमतात, कर्ता पुरुष उत्तरं देऊ लागतो, सून आतून ऐकते, विशीतला मुलगा मोबाइलवर नजर ठेवून बसतो. नाव त्या मुलाचं निघालेलं असलं, तरी वडिलांसमोर तो समलिंगी विवाहाबद्दल काय बोलणार? त्याचा ‘नाही’ हा वडिलांचा ‘नाही’ असू शकतो. आणि वडिलांचा ‘नाही’ कदाचित मुलगा ऐकतोय म्हणूनचा. जाणकार सर्वेक्षक असा प्रश्न शेवटी ठेवतात, कागद त्याच्याच हातात देऊन खूण करायला सांगतात, किंवा पाणी मागायच्या निमित्ताने जागा बदलून घेतात. याने वेळ दुप्पट लागतो आणि दिवसाला होणाऱ्या मुलाखती निम्म्यावर येतात, म्हणून बहुतेक ठिकाणी हे टाळलं जातं.

त्यामुळे महाराष्ट्रातले साठीचे लोक या विषयावर गेल्या वीस वर्षांत किती बदलले, हे सांगायला आज तिरपा वाचण्याजोगा तक्ताच आपल्याकडे नाही. तो हवा असेल तर तोच प्रश्न, त्याच शब्दांत, दर पाच वर्षांनी विचारावा लागेल, आणि जमलं तर त्याच माणसांना. पहिला रकाना आज भरला तर दुसरा पाच वर्षांनी मिळेल.